खाली बसलेली सीट

फेअरफॅक्समध्ये कुणीतरी घरासमोर विकायला मांडलेल्या जुन्या सामानातून लायलनं माउंटन बाइकचा पोलादी सांगाडा उचलला आणि गॅरेजमध्ये त्यावर सगळं नवं चढवलं. गिअर, धक्के झेलणारा पुढचा शॉक, खालीवर होणारी सीट. हँडलवरचा खटका दाबला की सीट आपोआप वर येते. खाली न्यायची तर खटका दाबून वर बसावंच लागतं.

आणि रोज सकाळी सीट खाली असायची.

"खरं सांग, कोण बसतं हिच्यावर?" आज त्यानं बायकोला, नोरीनला विचारलंच. गॅरेजची दुसरी किल्ली तिच्याकडेच होती.

"माझा गुडघा बघ आधी. मी चढणार त्या धुडावर?" ती दारातूनच म्हणाली. "कर वर आणि चल, पॅनकेक गार होताहेत."

त्यानं खटका दाबला. सीट हलली नाही.

"नीट दाब ना."

"दाबलाय."

मग त्याला दिसलं, शॉकसुद्धा दबलेला होता. रिकामी सायकल इतकी दबत नाही. तो बघत असतानाच शॉक सावकाश वर आला, आणि त्यामागोमाग सीट.

नोरीन दारातून बाजूला सरकली, रोजच्या सवयीनं, कुणाला तरी वाट द्यावी तशी.