शेपटीची खूण

"शेपटीला रगत कुठाय?" हातातली घोडीची शेपटी उलटीपालटी करत जमादारानं विचारलं.

सरहद्दीवरून फौज माघारी निघाली होती. लंगडं घोडं गनिमाला मिळू नये म्हणून मारायचं आणि शेपटी आणून दाखवायची, असा हुकूम होता. स्वार सटवाजीनं आपल्या लंगड्या घोडीच्या शेपटीचे नुसते केसच कापून आणले होते. त्याची नजर सारखी टेकडीकडं वळत होती.

जमादारानं हळूच विचारलं, "पाणी हाय तिथं?"

"ओढा हाय, जी. गवतबी हाय."

जमादारानं दंडावरची पट्टी सोडली, ते केस आपल्या ओल्या जखमेवर दाबले आणि परत दिले. "जा, सरदारांना दाखव. आणि सारखं मागं बघू नकोस, लेका. तिला वाटंल, तू बोलावतोयस."