'मागे'चं बटण

"वैजयंती, स्क्रीनवरच्या रिपोर्टमध्ये ते 'मागे'चं बटण आजच लाव," दूध संघाचे ढवळीकर साहेब म्हणाले. "आकड्यावर बोट ठेवलं की मी थेट त्या दूध केंद्रात जातो. मग निघताच येत नाही."

आकडा दाबला की ऑफिसच्या भिंतीत ते दूध केंद्रच उघडायचं. इकडचे तिकडे दिसायचे, तिकडचे इकडे. साहेब सकाळपासून तोट्यातली केंद्रं बंद करत होते आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्यांना चहाला थांबवत होतं.

रिपोर्ट बनवणाऱ्या वैजयंतीने बटण लावलं. ते दोन्हीकडून चालेल, हे सांगायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

साहेबांनी पुढचा लाल आकडा दाबला. भिंतीत पिंपळदऱ्याचं केंद्र उघडलं. शेणाचा वास आला. कॅन विसळणाऱ्या सुंद्राबाईंनी वर पाहिलं.

"बंद करायला आलात ना?"

"तसं नाही हो बाई. म्हणजे बघा, संघाची अडचण अशी..."

"राहू द्या. किती दमलाय तुम्ही."

सुंद्राबाईंनी पदराला हात पुसले आणि आपल्या बाजूचं 'मागे' दाबलं.

साहेब पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहिले. वाक्य अजून तोंडातच होतं.