फाट्यावरचा बाण

"आणखी दोन वेळा," बाई म्हणाल्या.

धाकटीने दात आवळून उजवा पाय वीतभर उचलला. गुडघ्याखाली तो पाय आता नावापुरताच होता.

"शाळेतसुद्धा तुम्ही 'आणखी दोन' म्हणून दहा काढून घ्यायचात."

"आजही तोच बेत आहे."

दोघी हसल्या. बाईंचं हसू आधी थांबलं. या घरात ते नेहमीच आधी थांबायचं.

तीस वर्षं बाईंनी शाळेत खेळ शिकवले आणि निवृत्त झाल्यावर डोंगरातल्या सायकल शर्यतीच्या वाटा आखायचं काम अंगावर घेतलं. कुठल्या उतारावर चाक घसरतं, कुठल्या वळणावर झाडाचं मूळ वर आलंय, सगळं त्यांना तोंडपाठ. या दोघी बहिणी त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. थोरली कायम पहिली, धाकटी कायम दुसरी. लोक गमतीने म्हणायचे, या पोरींचा निकाल जन्मदाखल्यावरच लागलाय.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत मात्र धाकटी शेवटच्या रेषेपर्यंत पोचलीच नाही.

जंगलात एका फाट्यावर दोन वाटा फुटायच्या. उजवीकडची ओढ्याच्या कडेने खाली उतरायची, तीच शर्यतीची. डावीकडची जुनी, लांबचा वळसा घालणारी. तिची कड आतून खचली होती, पण ते तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरली उजवीकडून सुसाट खाली गेली. तिच्यामागून आलेली धाकटी डावीकडे वळली आणि सायकलसकट घळीत कोसळली. मागून येणाऱ्यांनी तिच्या हाका ऐकल्या, "ताई! ताई!" ते फाट्यावर थबकले. तिथल्या वाट दाखवणाऱ्या पाटीवरचा बाण डावीकडे वळलेला होता.

एखाद्या जनावराने खांबाला अंग घासलं असेल, असं शर्यत भरवणाऱ्या मंडळाने ठरवून टाकलं. बाई गप्प राहिल्या. पहाटेच्या धुक्यात पाटी बसवताना फोन वाजला होता, पाण्याची पिंपं पोचली नाहीत म्हणून. त्या घाईने निघाल्या. संध्याकाळी जॅकेटच्या खिशात हात घातला, तर पाटीचा दुसरा स्क्रू हाताला लागला.

तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी बाई इथे यायच्या. व्यायाम करून घ्यायच्या, तेल चोळून द्यायच्या. शेजारीपाजारी म्हणायचे, शिक्षक असावा तर असा. ते ऐकलं की बाईंना त्या रात्री जेवण जायचं नाही.

आज थोरली दवाखान्यातल्या नोकरीवरून लवकर आली होती. शर्यतीच्या संघात निवड झाली होती तिची, दुसऱ्या शहरात. बहिणीसाठी तिने नाही म्हणून कळवलं आणि सायकल विकून टाकली.

"बाई, मंडळाचं पत्र आलंय," तिने लिफाफा पुढे केला. "नव्या वाटेला तुमचं नाव देणार आहेत. आणि पाटीवरचा पडदा हिने काढायचाय."

बाईंनी पत्र हातात घेतलं. अक्षरं काही लागेनात.

"मी नको म्हणून सांगते त्यांना."

"अहो, नको काय? तुमच्याइतकं कुणी केलंय का हिचं?" थोरलीचा आवाज ओला झाला. "मी तर सख्खी बहीण. वाट पाठ आहे म्हणून त्या दिवशी पाटीकडे मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरून सरळ केली असती. ही मला हाका मारत पडली आणि मी खाली मेडल घालून उभी होते." तिने बाहीनेच डोळे पुसले. "चहा टाकते."

ती आत गेली. बाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली.

"मला तुझ्याशी बोलायचंय. वर्षभर बोलायचंय." त्या पलंगाजवळ सरकल्या. "ती पाटी मी एकाच स्क्रूवर सोडली होती. घाईत होते. दुसरा माझ्या खिशात राहिला. जनावर नाही, काही नाही. तुझा पाय माझ्यामुळे गेला."

धाकटीने खिडकीबाहेर नजर वळवली.

"ताईला सांगितलंत?"

"आधी तुला. आता तिलाही सांगणार. ती बिचारी उगाच स्वतःला खातेय."

"नका सांगू."

"असं कसं? तू मला हवं ते बोल. दार बंद कर. पण तिच्या मनावरचा दगड तरी उतरू दे."

"बाई, त्या हाका पडतानाच्या नव्हत्या." धाकटी कोरड्या आवाजात म्हणाली. "पडायच्या आधीच्या होत्या. मी फाट्यावर आले, तेव्हा घळीच्या बाजूने दगड घरंगळल्याचा आवाज आला. मला वाटलं, ताईच पडली. म्हणून मी त्या वाटेने तिला हाका मारत गेले."

"काहीतरीच काय," बाई गोंधळल्या. "शर्यतीची वाट उजवीकडची. तुझी ताई डावीकडे कशाला जाईल?"

आत कपबशा वाजल्या. थोरली ट्रे घेऊन निघाली होती. धाकटीने बाईंचा हात घट्ट धरला.

"जावी म्हणूनच तर सकाळी मी पाटी फिरवली होती."