डावीकडची खुंटी

बाहुलीचा गुडघा मालकांनी दोन बोटांत धरला आणि वाकवून पाहिला. मग बाहुली पालथी केली आणि मागून पाहिला. करसल्लागाराला वाटलं, मालक लाकडाचा दर्जा तपासताहेत. खोकी ठोकण्यात जन्म गेलेला माणूस, दुसरं काय पाहणार?

"मालक, सही तेवढी राहिलीय," तो हळूच म्हणाला.

मालकांचा लाकडी खोक्यांचा कारखाना होता. ज्या संस्थेच्या कचेरीत ते आज बसले होते, तिला ते दरवर्षी देणगी देत. संस्था इथले कलावंत परदेशी पाठवी, तिथले इकडे आणी. मालकांना कलेशी काही देणंघेणं नव्हतं. देणगीवर करात सूट मिळे, आणि चार लोकांत नावही होई. एका दगडात दोन पक्षी. यंदाची सारी देणगी एकाच बाहुलीकाराच्या वर्षभराच्या मुक्कामासाठी होती, म्हणून चिटणीसबाईंनी त्यांना आग्रहाने बोलावून घेतलं होतं. देणगीदारांनी मध्ये लुडबुड करू नये म्हणून संस्थेत एक रीत होती. काम आधी दाखवायचं, नाव सहीनंतर सांगायचं. सही कशावर, तर निवड झालेल्यांत माझं नात्याचं कुणी नाही, यावर.

मालकांचा अंगठा गुडघ्यातल्या खुंटीवर थांबला होता. खुंटी डावीकडून तिरकी मारलेली होती. सगळं जग उजवीकडून मारतं. मालक डावखुरे, ते डावीकडून मारायचे. पण डावखुऱ्या माणसाची खुंटी साफ बसते. या खुंटीच्या कडेला टवका उडाला होता आणि तो पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला होता. ज्याचा हात उजवा आणि मारतो डावीकडून, त्याचाच असा टवका उडतो. असलं उफराटं काम करणारं माणूस मालकांनी उभ्या आयुष्यात एकच पाहिलं होतं.

ती त्यांच्या समोर बसून शिकली होती, फळ्यांच्या तुकड्यांशी खेळता खेळता. "अगं, तुझा हात उजवा आहे, उजवीकडून मार!" ते ओरडायचे. "बाबा, तुम्ही तर असंच मारता," ती म्हणायची, आणि पुन्हा टवका उडवायची.

मोठी झाल्यावर तिने बाहुल्यांचे खेळ शिकायला पैसे मागितले. मालकांनी हिशोबाच्या वहीतून मानही वर केली नाही. "असली थेरं घरखर्चात बसत नाहीत," एवढंच म्हणाले. ती एका फिरत्या मंडळीबरोबर निघून गेली. तिची आई वारली तेव्हा ती कुठल्या तरी दूरच्या गावी खेळ करत होती. निरोप उशिरा पोचला, आणि ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. नातेवाइकांच्या देखत मालक दारात आडवे उभे राहिले. "मला मुलगी नाही," म्हणाले. बोलले ते बोलले. शब्दाला पक्का माणूस अशी त्यांची ख्याती होती, आणि त्या ख्यातीने त्यांचं घर सुनंसुनं करून टाकलं.

"साहेब, काही शंका आहे का?" चिटणीसबाईंनी विचारलं.

"हिचं नाव सांगू नका. मी ओळखतो हिला."

बाई सावध झाल्या. "नात्यातली आहे?"

करसल्लागाराने मालकांचा हात धरून त्यांना खिडकीपाशी नेलं. त्याच्या ध्यानात सगळा प्रकार आला होता. "मालक, हातचं कशाला घालवता? मुलगी नाही असं तुम्ही स्वतःच जगाला सांगता. मग सहीत खोटं काय? तिचंही भलं, आपलंही. आळीमिळी गुपचिळी."

म्हणणं बिनतोड होतं. मालकांनी खिशातलं पेन काढलंही. खाली रस्त्यावर एक टेम्पो उभा होता, त्यात त्यांच्याच कारखान्याची खोकी होती. एकाचीही खुंटी डावीकडची नव्हती. कारागिरांनी मालकांची ती लकब कधीच उचलली नव्हती.

ते टेबलाशी परत आले. "बाई, नात्यातली असली तर काय होतं?"

"निवड परीक्षकांनी नाव न बघता केलीय, त्यामुळे जागा तिचीच. संस्था राखीव पैशातून तिला पाठवेल. तुमची देणगी मात्र परत करावी लागेल. नातलग म्हणून पैसे द्यायचे असतील, तर तिला विचारावं लागेल. ती आतच बसलीय."

मालकांना धास्ती वाटली ती याचीच. 'मला बाप नाही' असं ती म्हणाली तर? म्हणायचा तिला हक्क होता. ते वाक्य तिला त्यांनीच शिकवलं होतं, खुंटीसारखंच, समोर उभं राहून.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"विचारा तिला," ते म्हणाले. "म्हणावं, बाबा इथे बसलेत. हो म्हणाली तर पैसे देतो. नाही म्हणाली तरी बसून राहतो."

चिटणीसबाई आतल्या खोलीकडे वळल्या.

करसल्लागाराने कपाळाला हात लावला. "मालक, अहो, मुलगी म्हटलं की सूट गेली! कायद्याच्या लेखी ही देणगीच राहत नाही. आता मी हे पैसे दाखवू तरी कशात?"

मालकांनी बाहुलीचा दुमडलेला गुडघा सरळ केला आणि तिला अलगद टेबलावर बसवलं.

"घरखर्चात दाखवा."