रूपलाल हाजिर हो

"मावशी, अंगठा द्या ना," दुलीचंदनं शाईची डबी पुढं सरकवली. "तुमच्या एका अंगठ्यापायी सायबाचं जेवण थंडं होऊन राहिलं."

गोंदियाच्या कचेरीसमोर, चिंचेखाली, दुलीचंद अर्जनवीसाचं खोक्याएवढं मेज. मेजावर हलफनामा, शपथेचा कागद. समोर सुखवंताबाई, दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून. सौंदडहून सकाळच्या गाडीनं तिला आणताना कचरूनं एवढंच सांगितलं होतं की साक्षीचं काम आहे. कसली साक्ष, ते सांगायला बेटा खुबीनं विसरला होता.

अर्ज केव्हाच आत गेला होता. अडलं होतं ते फक्त अंगठ्यावर. कागद वाचून दाखवला तेव्हा बाईला उमगलं, की आजपासून तिचा कचरू रूपलाल होणार.

"कायले पायजे दुसरं नाव? याच नावानं तीस वर्सं जगला ना?"

"मी जगलो, माय. पोरानं कायले जगावं या नावासंगं?" कचरूचा पोरगा आता कुठं महिन्याचा झाला होता. "शाळेत बापाचं नाव इचारतीन अन् सारी शाळा दात काढन. माह्या वेळी त हेडमास्तरही हसला होता."

दुलीचंदही हसला. "असं नाव ठेवलं तरी कोनं, मावशी?"

"मीनं," सुखवंताबाई म्हणाली. "याच्या आंधी चार झाले. चांगली चांगली नावं ठेवली, बारशाले गाव जेवलं. चारही गेले. नाव आयकलं का तो येऊन नेत होता. मंग याले जनमल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं. सुईणीनं उचलला. तिले सूपभर कोंडा देल्ला अन् इकत घेतला. कचऱ्याले कोण नेते?"

कचरूनं हे हजारदा ऐकलं होतं. चहाच्या टपरीवर तो हीच गोष्ट नकला करून सांगायचा. सुईण कशी म्हणाली, कोंडा जास्त झाला, पोरगा एवढ्याचा नाही. लोक पोट धरून हसायचे. एकच भाग तो सांगत नसे. लहानपणी बाहेरून कोणी अनोळखी हाक मारली की माय धावत यायची आणि कोंड्याचा वास येणारा हात त्याच्या तोंडावर दाबून धरायची. "ओ देऊ नोको. जो ओ देते, त्यालेच नेते."

"मावशी, तुम्ही फिकर नोका करू," दुलीचंद रंगात आला. "हा कागद आता भंडाऱ्याले जाईन, तेथून नागपूरले. सरकारी छापखान्यात नाव छापून येईन. साऱ्या दुनियेले मालूम!"

त्याला वाटलं, म्हातारी खूश होईल.

"साऱ्या दुनियेले?" ती म्हणाली, आणि तिचे हात पदरात आणखी आत गेले.

तेवढ्यात चपराशी व्हरांड्यात आला. दुलीचंदनं उत्साहाच्या भरात अर्जावर जुन्याच्या आधी नवं नाव लिहिलं होतं, त्यापुढं बापाचं.

"रूपलाल वल्द सेवकराम, हाजिर हो!"

कचरू बसूनच राहिला. उलट कोणाचं बोलावणं आलं म्हणून त्यानं चारी बाजूंना पाहिलं.

"अबे, तूच!" दुलीचंदनं कोपर मारलं.

"रूपलाल वल्द सेवकराम, हाजिर हो!"

आता उठायला पाहिजे होतं. पण चपराशी त्याच्याकडे पाहतच नव्हता. मान वर करून, सगळ्यांच्या डोक्यावरून, दूर रस्त्याकडे तोंड करून तो ओरडत होता. तिकडं कोणाला तरी नाव नीट ऐकू गेलं पाहिजे, असा. कचरूनं तोंड उघडलं, आवाज निघेना. ओठांवर कोणीतरी तळवा दाबून धरला होता. कोंड्याचा वास आला. माय तर हातभर लांब बसली होती, दोन्ही हात पदरात.

"रूपलाल वल्द सेवकराम, हाजिर..."

"ओ!"

सुखवंताबाई उभी राहिली होती.

"मी आहो. मीच होय रूपलाल."

आवार हसून लोटपोट झालं. चपराशानं खांबाला टेका दिला. दुलीचंद डोळे पुसत म्हणाला, "अवो मावशी, मर्दाचं नाव हाये ते!" एवढ्या लोकांत न हसणारा एकटा कचरूच. टपरीवर एवढं हसवणारा.

बाईनं पदरातून हात काढले. कोणी न सांगता अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला, नीट दाबला. मग रस्त्याकडे वळली. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सासरचं कोणी मोठं माणूस समोर यावं तसा तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"आयकलं ना?" ती त्या रस्त्याला म्हणाली. "ओ मीनं देल्ली."