बरणीतली सातवी

कपाळावर गार पट्टी आली तेव्हा ती एका लांबच लांब गच्चीवर चालत होती. गच्चीवर नुसत्या बादल्या. प्रत्येकीत वाकून बघायचं, आणि प्रत्येकीच्या तळाशी तिची लेक बसलेली, वर बघून हसणारी. "बाहेर ये, पाणी ओतायचंय," असं तिला सांगायचं होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता.

मग गच्ची विरघळली आणि मच्छरदाणीचं पांढरं छत दिसलं. दुपार होती. नवरा जाळीची कड उचलून, अर्धा आत वाकून पट्टी बदलत होता. दर तासाला बदलायचा. तापाचा आज चौथा दिवस. रक्ताच्या तपासणीत डेंग्यू निघाला तेव्हा गल्लीत जरा हसूच पिकलं होतं. कारण घरोघरी जाऊन पिंपात टॉर्च मारणारी, अळ्या दिसल्या की भल्याभल्यांची खरडपट्टी काढणारी अळीबाई ती हीच.

पट्टीचं एक टोक डोळ्यावर आलं होतं. त्याच्या कडेला निळी शिवण होती.

"अहो, हे फडकं कुठलं?"

"ते होय? खिडकीतल्या बरणीवर बांधलं होतंस ना, ते. चांगलं मऊ आहे. पहिल्याच दिवशी सोडून घेतलं. या घरात दुसरं धड फडकं सापडेल तर शपथ."

ती उठून बसायला गेली. खोली गर्रकन फिरली आणि मग जागेवर आली.

अळ्या जिथे सापडतील तिथेच पाणी मातीत ओतून द्यायचं, हा तिच्या कामाचा नियम. इतक्या वर्षांत तो तिने एकदाच मोडला होता. शाळेतल्या मुलांना दाखवायला म्हणून सात कोष, म्हणजे एक-दोन दिवसांत ज्यांचे डास होणार अशा अळ्या, बरणीत घालून घरी आणले. वर फडकं घट्ट बांधलं. आणि त्याच संध्याकाळी तापाने आडवी झाली.

"चिमे, ती बरणी आण गं. हळू."

सहा वर्षांची लेक दोन्ही हातांनी बरणी धरून आली. पाण्यात ऊन शिरलं होतं. वर रिकामी टरफलं तरंगत होती. मोजून सात.

नवऱ्याच्या सगळं लक्षात आलं. त्याचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे आता चिमीला…"

"डास कोरा जन्मतो हो. आधी तो मला चावायला हवा. मग आठ-दहा दिवस तापाचं विष त्याच्या अंगात मुरतं. त्यानंतर जो समोर येईल त्याला." लेकीकडे बघायचं तिने टाळलं. "दारं-खिडक्या लावा. सातही मिळाले पाहिजेत. आजच."

मग खोलीत टाळ्या सुरू झाल्या. पडद्यामागे, खुंटीवरच्या काळ्या कोटापाशी, पलंगाखाली. लेकीला वाटलं, बाबांनी खेळच काढलाय. तीही टाळ्या पिटत मागे धावली. अंथरुणातून तिला त्या टाळ्या लांबच्या एखाद्या सभेतल्या वाटत होत्या. कुणाचा तरी सत्कार चालला होता, बहुधा तिचाच.

नवरा घड्याळजी. मेलेला एकेक डास पांढऱ्या कागदावर ठेवून तो डोळ्याला भिंग लावून बघे आणि जाळीबाहेरून तिला सांगे.

"मिशा दाट आहेत. पिसासारख्या."

"नर. तो चावत नाही. पुढचा?"

"याच्या विरळ."

"मादी. पोट बघा."

"सपाट. काही नाही आत."

असे सहा झाले. चार नर आणि दोन माद्या, दोघीही उपाशीच. सातवा काही सापडेना. नवऱ्याने पलंग सरकवला, कपाट सरकवलं, कोट झटकला. घामाघूम होऊन तो म्हणाला, "नरच असेल गं तो."

तिला मच्छरदाणीचं छत दिसत होतं आणि छताला एक काळा ठिपका. ठिपक्याला पाय होते, पायांवर पांढरे पट्टे. पोट डाळिंबाच्या दाण्यासारखं टम्म भरलेलं. ठिपका जाळीच्या आत होता.

"सापडली," ती पुटपुटली.

नवरा धावला.

"हात लावू नका! कड उचललीत की ती बाहेर."

तो होता तिथेच थांबला. लेकीलाही काहीतरी कळलं. ती बापाच्या पायाला चिकटून उभी राहिली. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं टिकटिकत होती, प्रत्येकाची वेळ वेगळी. जाळीत तिने आपले हात उचलून पाहिले. ते दुसऱ्याच कुणाचे तरी असावेत इतके जड होते. एका ठिपक्याचे दोन झाले, दोनाचे तीन, पुन्हा एक. छत खाली येत होतं की ती वर जात होती, कळेना. मध्येच पुन्हा ती गच्ची आली, एकच बादली उरली होती, आणि तळाशी लेक. फार भीती वाटली तिला. तिने डोळे ताणून उघडे ठेवले.

जडावलेली मादी छतावरून सुटली आणि संथपणे खाली, तिच्या तोंडासमोर आली.

एकच टाळी वाजली, तीही अगदी हलकी.

तिने ओंजळ उघडून बघितली. तळव्यावर लाल डाग होता, टिकलीएवढा.

"आई, लागलं तुला?" लेकीने जाळीला नाक लावून विचारलं.

"नाही गं. माझंच होतं. परत घेतलं."

नवरा अजून तसाच उभा होता, हात कडेपाशी नेऊन थांबलेला.

"आता या आत," ती त्याला म्हणाली. "पट्टी सुकलीय."