भिंतीलगतची जागा

कॅम्परच्या छताची शेवटची फट भरून ऐली शिडीवरून उतरली, तेव्हा तिचे वडील, रेयनो, त्या चाकांवरच्या पत्र्याच्या छोट्या घराच्या डाव्या अंगाला मेण लावत होते. रेयनो फडकं गोल फिरवायचा, थांबायचा, पत्र्याला हात टेकून श्वास घ्यायचा, पुन्हा फिरवायचा.

"बाबा, द्या इकडे."

"तुझा हात जड. ओरखडे राहतात." मग जरा वेळाने, "आधी पाइनचा चीक साबणाने काढायचा. पत्रा पुरता वाळला की मगच मेण. ओल्यावर लावलंस तर वसंतात सगळा पांढरट झालेला असेल. लक्षात ठेव."

हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. शिडीवरही दरवर्षी तोच चढे. आज त्याने शिडी लावली, खालून घट्ट धरली आणि म्हणाला, "चढ."

समोर क्लेटनच्या गोठ्याची दोन्ही दारं उघडी होती. क्लेटनने गाई कधीच विकल्या होत्या. आता हिवाळाभर तिथे गावातले कॅम्पर राहत. बर्फ गेल्यावर सर्वांत उशिरा निघणारा आधी आत जाई, थेट मागच्या भिंतीला. सर्वांत आधी निघणारा शेवटी, दाराजवळ. दाराजवळची जागा रेयनोची. तळ्यावरचा बर्फ पुरता फुटायच्या आत त्याला गळ घेऊन बाहेर पडायचं असे. म्हणून तो कॅम्पर आणायचाही सगळ्यांच्या मागून, रस्त्यावर बर्फ साचायला लागल्यावर.

आज मेपलची पानं अजून झाडावर होती. गोठा रिकामा होता. आतून जुन्या गवताचा वास येत होता आणि मागची भिंत दिसत नव्हती.

"इतक्या लवकर का आलो आपण?" ऐलीने सकाळीच विचारलं होतं.

"हवा चांगली आहे," तो म्हणाला होता. तळ्याकडून तेव्हाच ढग चढत होते.

गेल्या आठवड्यात तो शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आला होता. काय म्हणाले, असं तिने फोनवर विचारलं. "डॉक्टर पोरगेला आहे. फार बोलतो," एवढंच त्याने सांगितलं. तिने पुढे विचारलं नाही; आठवड्याची रजा टाकून ती निघून आली.

मागे हॉर्न वाजला. गावातली मर्ना गाडीमागे आपला कॅम्पर ओढत अंगणात शिरली होती. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"रेयनो, तू? ऑक्टोबरात? कॅलेंडर हरवलं की काय तुझं?"

"तुला बघायला आलो."

"मग दाढी तरी करून यायचं. आणि किती घासशील त्या डब्याला? लग्नात उभा करायचाय का?" ती खाली उतरली, ऐलीला मिठी मारली. "चल, तो डबा बाजूला घे. आधी मी जाणार. मी जुलैत निघणारी. भिंतीची जागा माझी असते."

"या वर्षी मला दे," रेयनो म्हणाला.

मर्ना हसली. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, मानेजवळ सैल झालेल्या कॉलरकडे पाहिलं, आणि ती गाडीत जाऊन बसली.

क्लेटन ट्रॅक्टर घेऊन आला. "कुठे घालू रे? दाराशी ना, नेहमीसारखा? मग बाकीचे सगळे येईपर्यंत बस इथेच गवत चावत."

"मागे घाल. भिंतीला. आणि चाकं उचलून ठोकळ्यांवर ठेव."

"एका हिवाळ्याला कोण ठोकळे लावतं?"

"लाव."

क्लेटनने टोपी काढली, पुन्हा घातली. तो ऐलीकडे बघत राहिला, जणू उत्तर तिने द्यायचं होतं.

"बाबा," ऐली म्हणाली, "मागे घातला तर जुलैशिवाय निघणार नाही."

"माहीत आहे."

"मासे एप्रिलमध्ये लागतात."

"ते मला सांगतेस?" रेयनोने फडक्याची घडी केली आणि तिच्या हातात दिली. "जुलैमध्ये गिऱ्हाईक असतं. शहरातले लोक येतात. पत्रा चकचकीत दिसला की आत कुणी फारसं बघत नाही. पहिला जो भाव सांगेल त्याला हो म्हणू नकोस."

क्लेटनने ट्रॅक्टर सुरू केला.

रेयनो पुढे झाला. कॅम्पर मागे घेताना आत कोणीतरी उभं राहून हाताने दाखवावं लागे, आणि त्याच्या कॅम्परला दुसऱ्या कुणी हात दाखवलेला त्याला चालत नसे. तो चालत अंधारात गेला. आधी त्याची टोपी दिसेनाशी झाली, मग हात. मग कॅम्परनेच सगळी वाट भरून टाकली.

आतून आवाज तेवढा येत होता.

"ये. ये. अजून. अजून आहे जागा. ये."

ऐली फडकं धरून दारात उभी राहिली.

"अजून."

मग, बऱ्याच वेळाने, "बस."

क्लेटनने ठोकळे लावले, दांडी सोडवली, ट्रॅक्टर बाहेर काढला आणि घराकडे वळवला. मर्नाने आपली गाडी फिरवून कॅम्परची मागची बाजू गोठ्याकडे केली. ती हळूहळू मागे येऊ लागली. तिचे लाल दिवे ऐलीच्या गुडघ्यांवर पडले. आतून आता काहीच ऐकू येत नव्हतं.

ऐलीने दोन्ही हात पसरले.

"थांबा," ती म्हणाली. "बाबा अजून आत आहेत."